उलट्या आट्याचा वॉल्व्ह

एका नगरपालिकेच्या पाणी योजनेसाठी सल्लागार कंपनीनं केलेला अहवाल २८६ पानांचा आहे आणि मी तो सगळा वाचलाय, दोनदा. रंगीत नकाशे, टेबलं, मागं परिशिष्टं, प्रत्येक पानाच्या खाली कंपनीचं नाव. आमच्या आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव त्यात कुठंच नाही. पहिल्यांदा वाचताना ते असावं असं मला वाटलंसुद्धा नव्हतं, कारण सरकारी कागदात चावी फिरवणाऱ्या माणसाचं नाव कोण घालतंय. पण दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात कुणाचंच नाव नाही. हा आकडा कुणी काढला, ह्या लाईनचा व्यास कुणी मोजला, ही टाकी इथंच हवी असं कुणी ठरवलं, एका पण माणसाचं नाव नाही. सगळीकडं "असे आढळून आले" आणि "असे सुचविण्यात येते". कुणाला आढळलं? कोण सुचवतंय? मी एका पतसंस्थेत १९ वर्षं अकाउंट्स बघते, आमच्याकडं ५०० रुपयांच्या व्हाउचरवर पण सह्या लागतात, बनवणाऱ्याची, तपासणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची, आणि ऑडिटर आला की तो आकड्याच्या आधी सही बघतो. त्यामुळं ते २८६ पानांचं बिनसहीचं बाड बघून माझ्या पोटात गोळाच आला.

आधी आण्णांबद्दल सांगते म्हणजे पुढचं कळेल. आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, आज्जीच्या वेळचं, पण आण्णांची नोकरी जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तिथली माणसं अजून आमच्या घरी येतात जातात आणि मला कुणा एकाला बदनाम करायचं नाही. ३१ वर्षं ते तिथं पाणीपुरवठ्यात होते. पहाटेची पहिली यष्टी पकडायची, साडेपाचला पहिला वॉल्व्ह सोडायचा. सर्व्हिस बुकात पदाचं नाव काही का असेना, लोक त्यांना चावीवाले मामा म्हणायचे. खांद्यावर टी आकाराची लांब लोखंडी चावी घेऊन जाणारा माणूस तुम्ही पण बघितला असेल तुमच्या गल्लीत. तो आला की गल्लीतल्या बायका घागरी काढतात.

त्यांच्याकडं एक लाल डायरी आहे, एका सहकारी बँकेनं दिलेली, २००३ सालची. तारखांशी तिचा काही संबंध नाही, एकेका पानावर एकेक वॉल्व्ह. अक्षर वाकडं, पण वाचता येतं. "गणपती देवळामागं. कडुलिंबाखाली. दीड हात खोल. १४ फेरे. उलटा." किंवा "शाळेचा कोपरा. झाकण डांबरात गेलं. पिवळ्या भिंतीपासून ७ पावलं." उलटा म्हणजे उलट्या आट्याचा. साधारण वॉल्व्ह उजवीकडं फिरवला की बंद होतो, पण कुठल्यातरी जुन्या योजनेत काही वॉल्व्ह असे बसलेत की ते उजवीकडं फिरवले की उघडतात. गावात असे एकूण सहा. हे ज्याला माहीत नाही तो बंद करायला जाईल आणि जास्तच उघडेल, आणि पुढं नेट लावला तर स्पिंडल, म्हणजे चावीनं फिरतो तो आतला दांडा, तुटणार.

रिटायर व्हायला दीड वर्ष होतं तेव्हा ती कंपनी आली. नवीन पाणी योजनेचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल करायचा होता, त्याआधी सगळ्या नेटवर्कचा सर्व्हे. तीन पोरं आलेली, दोन मुलगे आणि एक मुलगी, सगळी पंचविशीच्या आतली, हातात टॅब. हुशार आणि कष्टाळू पोरं, हे मी मनापासून म्हणते, कारण आण्णा रोज रात्री घरी येऊन त्यांच्याबद्दल सांगायचे. ऊन मी म्हणत असताना ती अकरा दिवस आण्णांच्या मागं गावभर फिरली. आण्णा चुन्याच्या पुडीनं रस्त्यावर लाईन आखून दाखवायचे, इथनं सहा इंची जाते, इथं वळते, इथं पूर्वी आड होता म्हणून लांबनं नेली, ती पोरं टॅबवर बोट ठेवायची आणि नकाशात ठिपका यायचा. दुपारी आईनं दिलेल्या डब्यातल्या भाकरी त्यांनी चौघांत खाल्ल्या. एक दिवस आण्णांनी देवळामागच्या वॉल्व्हजवळ त्या मुलीला सांगितलं, "बाळ, ह्यो उलटा हाय, लिहून घे." ती म्हणाली, "मामा, ऍपमध्ये तसा ऑप्शनच नाहीये." आण्णा म्हणाले, "मग कुठंतरी शेरा मार." तिनं बघितलं, शेऱ्याची जागा पण नव्हती. मग तिनं डायरीच्या त्या पानाचा फोटो काढला आणि शेवटच्या दिवशी सगळ्या डायरीची झेरॉक्स मागून घेतली. आण्णांनी आनंदानं दिली. त्यांना वाटलं, आता हे कायमचं कुठंतरी नोंदलं गेलं, आपण रिटायर झालो तरी गावाचं काही अडणार नाही.

अहवाल आला. पालिकेच्या हॉलमध्ये पीपीटी झाली, आण्णा मागं उभे राहून बघत होते. ते सांगतात, पडद्यावर सगळं गाव वरनं दिसत होतं, निळ्या रेघा आणि लाल ठिपके, आणि एवढं चांगलं त्यांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. टाळ्या झाल्या. मग ते रिटायर झाले. त्यांच्या जागी भरती झाली नाही, एजन्सीकडनं कंत्राटी पोरगा आला, त्याला मोबाईलवर तो नकाशा दिला.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात रात्री पावणेएकला आण्णांना फोन. मेन लाईन फुटलेली, तो पोरगा देवळामागचा वॉल्व्ह बंद करायला गेला, नकाशात ठिपका बरोबर जागेवर होता, अगदी फूटभर पण चूक नाही, आणि त्यानं फिरवला उजवीकडं. पाणी वाढलं. त्याला वाटलं अजून फिरवायला पाहिजे. स्पिंडल तुटली. शेजारच्या किराणा दुकानात गुडघाभर पाणी, तांदळाची आणि साखरेची पोती भिजली, ते दुकान एक विधवा बाई चालवते. आण्णा शेजारच्या पोराला उठवून त्याच्या गाडीवर गेले, पलीकडचे दोन वॉल्व्ह बंद करून पाणी थांबवलं, पहाटे पाचला चिखलानं माखून घरी आले. आल्यावर म्हणाले, "त्यात त्या पोराची काय चूक न्हाई." नंतर चार दिवस अर्ध्या गावाला पाणी नव्हतं.

आता इथनं माझा खरा विषय सुरू होतो.

हंडा मोर्चा निघाला. बायकांनी विचारलं, हे कुणामुळं झालं? साहेब म्हणाले आम्ही सल्लागारांच्या अहवालाप्रमाणं नकाशे दिलेत. एजन्सी म्हणाली आमच्या कामगाराला नकाशा मिळाला तसं त्यानं केलं. कंपनीला कुणीतरी फोन लावला, ते म्हणाले आमचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय, आणि तसंही अहवालाच्या चौथ्या पानावर लिहिलंय की यातली माहिती क्लायंटनं पुरवलेली आहे, तिच्या अचूकतेची जबाबदारी आमची नाही. मी ते चौथं पान नंतर स्वतः वाचलं, खरंच तसं लिहिलंय. म्हणजे गावाची माहिती गावातनंच घेतली, तिला कव्हर घातलं, गावालाच विकली, आणि चुकली तर चूक पण गावाचीच. मोर्चातल्या बायका तिथंच बसल्या होत्या आणि त्यांच्या प्रश्नाला अख्ख्या इमारतीत उत्तर द्यायला माणूस नव्हता. माणसं होती, पण ज्याच्याकडं बोट दाखवावं असं कुणी नव्हतं. मला हे चार दिवसांच्या पाण्यापेक्षा जास्त लागलं.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प आणि विषय १५० शब्दांत, एवढं सोपं आहे, ज्यांनी कधी केलं नाही त्यांनी करून बघा. मागितलं काय, तर कंपनीशी झालेला करार, कामाची व्याप्ती, दिलेले पैसे, आणि अहवालाची प्रत. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं की ही त्रयस्थ पक्षाची व्यापारी गोपनीय माहिती आहे, कलम ८(१)(डी) नुसार नाकारण्यात येत आहे. पाण्याच्या पाईपा कुठनं जातात हे गोपनीय! जनतेच्या पैशानं केलेला अहवाल, जनतेच्या गावाबद्दल, आणि जनतेलाच गोपनीय.

मी कायदा काढून वाचला. २००५ च्या ह्या कायद्यात माहिती म्हणजे काय याची व्याख्या कलम २ मध्ये आहे, आणि त्यात अभिलेख, ई-मेल, करार, अहवाल यांच्याबरोबर अभिमत आणि सल्ला हे सुद्धा आहेत. सल्ला! ज्यांनी कायदा लिहिला त्यांनी हा पण विचार करून ठेवला होता. आणि कलम ४ म्हणतं की ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणं प्रशासनानं स्वतःहून सांगायची, कुणी अर्ज करायची वाट बघायची नाही. आठ एक डी मध्ये पण पुढं लिहिलंय की व्यापक जनहित असेल तर माहिती द्यायची. मी हे सगळं पहिल्या अपिलात लिहिलं. सुनावणी वीस मिनिटांची झाली, अपिलीय अधिकारी चांगले होते, त्यांनी फाईल तपासायला द्या असा आदेश काढला. पहिला अर्ज ते फाईल हातात येणं, सगळे मिळून सात महिने गेले.

ज्या दिवशी फाईल बघायला गेले त्या दिवशी रजा काढली होती. एका लोखंडी कपाटाशेजारी टेबल दिलं, पंखा होता पण चालू नव्हता. चार जाड फायली. करार सापडला. फी किती, तर प्रस्तावित योजनेच्या अंदाजपत्रकाच्या अडीच टक्के. मी ते तीन वेळा वाचलं. योजना जेवढी मोठी तेवढी फी मोठी. आमच्या पतसंस्थेत कर्ज मंजूर करणाऱ्याला कर्जाच्या रकमेवर टक्के द्यायला लागले तर सहा महिन्यांत कुलूप लागेल, हे शिपायाला पण कळतं. मी असं म्हणत नाही की त्यांनी अंदाजपत्रक फुगवलं, माझ्याकडं त्याचा पुरावा नाही आणि पुराव्याशिवाय मी बोलणार नाही. पण ज्याला मोठ्या आकड्यात फायदा आहे त्यालाच आकडा काढायला बसवायचं, ही रचना कुणी मंजूर केली? टिपणीवर सही होती, ती पण अशी गिचमिड की नाव लागत नाही, आणि खाली शिक्का नाही.

आणि मग तिसऱ्या फाईलच्या मागं, "क्लायंटकडून प्राप्त माहिती" असं लिहिलेल्या पिवळ्या फ्लॅपच्या आत, आण्णांच्या डायरीची झेरॉक्स. सगळी पानं. गणपती देवळामागं, कडुलिंबाखाली, दीड हात खोल, १४ फेरे, उलटा. "उलटा" ला आण्णांनी खाली दोन रेघा मारलेल्या, त्या झेरॉक्समध्ये पण दिसत होत्या. म्हणजे माहिती हरवली नव्हती. ती त्याच इमारतीत, त्याच कपाटात, फुटलेल्या रात्री पण होती. फक्त २८६ पानांत यायला तिला कॉलम नव्हता. मला तिथंच रडू आलं, क्लार्क मॅडमनी पाणी आणून दिलं, आणि मला म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं एकच इंजिनिअर आहे हो, त्यांच्याकडं अजून दोन पालिकांचा चार्ज आहे, ते एवढं कधी वाचणार?" त्यांचं पण खरं आहे. मी हे सांगितलं नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

कारण सल्लागार येतात ते रिकाम्या खुर्च्यांमुळं. जागा भरायच्या नाहीत, मग माणूस नाही म्हणून बाहेरनं आणायचा, बाहेरचा करतोय म्हणून जागा भरायची गरज वाटत नाही, आणि दहा वर्षांनी ऑफिसात असं कुणीच उरत नाही की जो आलेला अहवाल वाचून म्हणेल, अहो हे पान चुकलंय. केंद्र सरकारचे २०१७ चे जनरल फायनान्शियल रूल्स आहेत, त्यात सल्लागार नेमण्याबद्दल म्हटलंय की जिथं खात्याकडं तसं कौशल्य नाही तिथं नेमावा. बरोबर आहे. पण कौशल्य नाही हे ठरवताना कुणाला विचारतात? लाल डायरीला विचारलं होतं का? सप्टेंबर २०२३ मध्ये तर राज्य सरकारनं नऊ एजन्सींकडनं कंत्राटी माणसं घ्यायचा जीआर काढला होता, पोरं रस्त्यावर आली म्हणून ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. जीआर रद्द झाला, रिकाम्या खुर्च्या तशाच.

बाहेरचा तज्ज्ञ नकोच असं मी म्हणत नाही. कोल्हापूरनं तसं कधीच म्हटलेलं नाही. न्यू पॅलेस आणि टाऊन हॉलचे आराखडे चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज आर्किटेक्टचे, पॅलेस १८८४ ला पूर्ण झाला, तो बघायला अजून रांग लागते. पण मँटचं नाव आपल्याला माहीत आहे. उद्या त्याच्या इमारतीला तडा गेला तर कुणाच्या नावानं ओरडायचं हे ठाऊक आहे. २०१९ च्या महापुरानंतर सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, २०२० मध्ये तिचा अहवाल आला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर आला नाही असं त्यात म्हटलं. आपल्याकडं कितीतरी जणांना ते पटलं नाही, माझ्या मामांना तर अजून पटत नाही, चिखलीतलं त्यांचं घर पाण्यात होतं. पण भांडायला समोर एक नाव आहे, अहवाल आहे, त्यातल्या अमुक मुद्द्यावर आक्षेप घेता येतो, लोकांनी घेतला, वर्तमानपत्रात चर्चा झाली, पाटबंधाऱ्यातले रिटायर्ड इंजिनिअर बोलले. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे इथल्या शाळेतल्या पोराला पण तोंडपाठ असतं. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारतो. ज्या गावाला पाण्याचं एवढं कळतं त्या गावाला आता पूर नियंत्रणाचे जे कोट्यवधींचे आराखडे बनतायत, जागतिक बँकेच्या मदतीनं, त्यातलं पान न् पान दाखवायला काय हरकत आहे?

आणि टोलचं कसं विसरायचं. कोल्हापुरातले २२० कोटींचे रस्ते, बीओटीवर, म्हणजे कंपनीनं बांधायचे आणि टोल घेऊन पैसे वसूल करायचे, ३० वर्षांचा टोल. २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि कोल्हापूर उठलं. शेकापचे नेते एन. डी. पाटील सर, वयाची ऐंशी ओलांडलेली, रस्त्यावर. कॉम्रेड गोविंद पानसरे, आमचे पानसरे आण्णा, रस्त्यावर. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले, ती जाळपोळ मला तेव्हा पण पटली नव्हती. पण त्याच्या आधी आणि नंतर जे झालं त्याचा मला अभिमान आहे. लोकांनी करार वाचला. रिक्षा स्टॉपवर, तालमीच्या कट्ट्यावर माणसं कराराबद्दल वाद घालायची, हा रस्ता कराराप्रमाणं झालाय काय, गटर कुठंय, फूटपाथ कुठंय, विजेचे खांब रस्त्यात कसे राहिले. टेप घेऊन रस्ता मोजणारी माणसं मी बघितलीत. शेवटी रस्त्यांचं मूल्यांकन नव्यानं करावं लागलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये सरकारनं टोल रद्द केला. पानसरे आण्णा ते बघायला नव्हते, फेब्रुवारीतच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या.

तेव्हा जे जमलं ते आता का जमत नाही असं मी स्वतःला विचारते. एक कारण मला असं दिसतं की टोलनाका डोळ्यांना दिसत होता, अहवाल दिसत नाही. दुसरं, कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. नगरसेवकाबद्दल काही का मत असेना, त्याच्या दारात जाऊन शिव्या तरी देता यायच्या, महासभेत कुणीतरी उठून विचारायचं की ही सल्लागार फी कशाची. सभागृहच नसेल तर सल्लागार पीपीटी दाखवणार, प्रशासक बघणार, आणि ठराव पण त्याच खोलीत होणार. थेट पाईपलाईन बघा, पिढ्यान् पिढ्या मागणी, सुमारे ५३ किलोमीटर लांबनं काळम्मावाडी धरणाचं पाणी २०२३ च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं, लोकांच्या डोळ्यात पाणी आलं, माझ्या पण. तरी पुढं गल्लीगल्लीतली वितरणाची व्यवस्था तयार नसल्यामुळं कितीतरी भागांत टँकर चालूच राहिले. धरणापासून पुईखडीपर्यंतचा हिशोब कागदावर सगळ्यांना सुचला, पुईखडीपासून माझ्या नळापर्यंतचा हिशोब चावीवाल्याला माहीत होता.

हे फक्त आपल्याकडं आहे असं नाही, उलट जिथं सगळं नीट चालतं असं आपण समजतो तिथं पण हेच. ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये पीडब्ल्यूसी ह्या बड्या सल्लागार फर्मचं प्रकरण गाजलं. सरकार मोठ्या परदेशी कंपन्यांची करचुकवेगिरी रोखायला कायदा करत होतं, त्यासाठी ह्या फर्मच्या एका भागीदाराला गोपनीयतेची सही घेऊन आत बसवलं, आणि आतली माहिती बाहेर गिऱ्हाईकं मिळवायला वापरली गेली. शेवटी फर्मला सरकारी कामाचा अख्खा व्यवसाय एका डॉलरला विकून टाकावा लागला. फ्रान्समध्ये मार्च २०२२ मध्ये तिथल्या सिनेटनं चौकशी करून सांगितलं की २०२१ ह्या एका वर्षात सरकारनं सल्लागारांवर एक अब्ज युरोच्या वर खर्च केलाय.

पण मला सगळ्यात जवळचं वाटलं ते २०२५ चं. ऑस्ट्रेलियाच्याच एका मंत्रालयानं डेलॉइट ह्या तसल्याच बड्या सल्लागार कंपनीकडनं सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन अहवाल करून घेतला, बेरोजगारांचे भत्ते कापणाऱ्या यंत्रणेबद्दल. त्यात अस्तित्वातच नसलेले संदर्भ होते, कोर्टाच्या निकालातलं म्हणून दिलेलं वाक्य निकालात नव्हतं. एआय वापरलं होतं हे नंतर दुरुस्त केलेल्या प्रतीत सांगितलं. काही पैसे परत करायचं कंपनीनं मान्य केलं. हे पकडलं कुणी, तर सिडनी युनिव्हर्सिटीतल्या एका अभ्यासकानं. कसं पकडलं, तर अहवाल मंत्रालयाच्या वेबसाईटवर होता आणि त्यानं तो उघडून वाचला. एवढंच. त्यानं अर्ज केला नाही, अपील केलं नाही, सात महिने थांबला नाही, रजा काढली नाही. मी ती बातमी वाचली तेव्हा मला आमच्या पालिकेतलं ते लोखंडी कपाट आठवलं. तो अहवाल आधीच वेबसाईटवर असता तर आण्णांनी नाही तरी मी वाचला असता, शेवटच्या पानापर्यंत, आणि देवळामागच्या वॉल्व्हपुढं "उलटा" लिहिलेलं नाही हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं. त्या किराणा दुकानवाल्या बाईंचा माल वाचला असता. त्यांना अजून भरपाई मिळालेली नाही, कारण ती कुणी द्यायची हेच ठरलेलं नाही.

त्या सर्व्हेवाल्या मुलीला मी मेसेज केला होता, आण्णांकडं तिचा नंबर होता. तिनं दुसऱ्या दिवशी फोन केला. ती आता दुसऱ्या कंपनीत आहे. म्हणाली, "मी मॅनेजरना सांगितलं होतं मॅडम, ते म्हणाले फॉरमॅट हेड ऑफिसचा आहे, बदलता येणार नाही." मग थोडा वेळ गप्प राहिली आणि विचारलं, मामा कसे आहेत. मी तिला वॉल्व्ह तुटल्याचं सांगितलं. तिला माहीत नव्हतं. तिला कुणी कळवलंच नव्हतं, आणि कळवणार तरी कोण? अहवाल करणाऱ्याला त्याच्या अहवालाचं पुढं काय झालं ते कधी कळतच नाही. आण्णांचं एखाद्या दिवशी चुकलं तर गल्लीतली बाई दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला वॉल्व्हपाशीच उभी असायची, काय ओ मामा, काल आमच्याकडं पाणीच न्हाई आलं. त्यांना ३१ वर्षं असं रोज कुणीतरी विचारत होतं.

करारात काय काय असायला पाहिजे याची मी माझ्या परीनं यादी करून पालिकेला आणि आमदारांना पत्र दिलंय. टक्क्यावर फी नको. प्रत्येक प्रकरणाखाली करणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव. अहवाल मंजूर करायच्या आधी महिनाभर गावात लावायचा, चावडीत, वाचनालयात, लोकांच्या भाषेत. शेवटचा हप्ता वर्षभर काम चालल्यावर. आमच्या व्यवस्थापकांनी ते पत्र वाचून एक चांगली भर घातली, की ज्या अधिकाऱ्यानं अहवाल स्वीकारला त्यानं "मी वाचला" असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही करायची. अजून उत्तर आलेलं नाही. मी पंधरा दिवसांनी पुन्हा जाणार आहे.

तोवर एक काम सुरू केलंय. रोज रात्री जेवणं झाली की आण्णा लाल डायरी काढतात आणि मी लॅपटॉप. ते सांगतात, मी टाईप करते. ११२ वॉल्व्ह आहेत, काल एक्याण्णव झाले. रकाने आम्ही दोघांनी मिळून ठरवले, जागा, खूण, खोली, फेरे, आणि एक रकाना फक्त शेऱ्याला, सगळ्यात रुंद. त्याच्या तीन प्रती काढून पालिकेला द्यायच्या, फुकट, आवक-जावकला शिक्का मारून पोच घ्यायची. मी म्हटलं आण्णा, खाली काय लिहू, माजी कर्मचारी, पाणीपुरवठा विभाग? ते थोडा वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "ते लिही. आन माझा मोबाईल नंबर घाल. कुठं चुकलं आसंल तर फोन करतील की."